आधी कागदाचा फोटो पाठव

प्रिय मित्रा,

चिलीत सांतियागोला जुनी मोटरसायकल घेऊन दक्षिण अमेरिका फिरायचा बेत कळवलास आणि तिथल्या त्या लाल होंडाचे अकरा फोटो पाठवलेस. टाकी, चाकं, मीटर, अगदी सायलेन्सरवरचा ओरखडासुद्धा. कागदाचा मात्र एकही नाही. म्हणून ‘घेऊ का?’ याचं उत्तर आज देत नाही.

गाडी तशी बरी निवडली आहेस. एक्सआर १५० हे होंडाचं मॉडेल त्या भागात जागोजागी दिसते, त्यामुळे आडगावातही क्लच केबल, चेन, ब्रेक शू मिळून जातात. मोठ्या इंजिनाच्या मोहात पडला नाहीस, शहाणा आहेस. फक्त अँडीजमध्ये तिच्याकडून फार मागू नकोस. चार हजार मीटरवर हवा इतकी विरळ होते की इंजिनाची साधारण एक तृतीयांश ताकद जाते. दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढेल, मागून ट्रकवाले भोंगे वाजवतील. वाजवू देत.

आता कागद. चिलीत परदेशी माणसाच्या नावावर गाडी करायची तर आधी रुट हा कर-क्रमांक काढावा लागतो. मग रेहिस्त्रो सिव्हिल या नोंदणी कार्यालयातून त्या गाडीचं ‘आनोतासिओनेस विहेंतेस’ काढ. हा गाडीचा सातबाराच समज: मालक कोण, कर्जाचा बोजा आहे का, जप्ती लागली आहे का, सगळं त्यात येतं. विकणारा खिशातून जुनी प्रत काढून देईल, ती घेऊ नकोस. व्यवहाराच्या दिवशी ताजा उतारा काढ आणि त्यावरचं नाव समोरच्याच्या ओळखपत्राशी ताडून बघ. ‘गाडी मित्राची आहे, मी फक्त विकून देतोय’ असं ऐकलंस की हेल्मेट उचल आणि चालू लाग. उत्तरेला इकीकेच्या करमुक्त विभागातली गाडी स्वस्तात दिसली तरी भुलू नकोस. ती त्या विभागाबाहेर न्यायला बंधनं असतात, आणि तुला तर देशाबाहेर न्यायची आहे.

करार झाला की ती तुझी झाली, पण सीमेवर हा करार पुरत नाही. तिथे बघतात ते पाद्रोन, म्हणजे नोंदणीपत्र. ते तुझ्या नावाने हातात यायला काही आठवडेही लागू शकतात. तोवर आसपास भटक, गाडीची सवय कर, चेन कशी ताणायची ते शीक. पोरं नेमकी इथे उतावीळ होतात आणि आधीच्या मालकाच्या कुलमुखत्यारपत्रावर निघतात. त्यावर सीमा ओलांडलेले लोक मला माहीत आहेत, परत पाठवलेलेही.

सीमेवर तुझ्या पासपोर्टवर शिक्का बसला की तुझं काम झालं, गाडीचं नाही. तिचा तात्पुरत्या आयातीचा परवाना कस्टम्सच्या वेगळ्या खिडकीवर होतो. शुल्क न भरता गाडी आत आणलीस, मुदतीत बाहेर नेशील, असा तो करार. दोन्हींची मुदत एकच असेल असं धरून चालू नकोस. अर्जेंटिनात माणसाला साधारण ९० दिवस मिळतात, गाडीला आठ महिने. इतर देशांत हिशेब निराळा, म्हणून दोन्ही तारखा लिहून ठेव.

या परवान्यावर गाडीचा चासी नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला ओळख-क्रमांक, टाकतात. तो १७ अक्षरं-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू मुद्दाम घेतलेले नाहीत, कारण १ आणि ० शी गल्लत होते. पण बी आणि ८ राहिलेच की! एका नाक्यावर मागे बसभर माणसं खोळंबली होती. कारकुनाने बीच्या जागी ८ टाइप केला आणि मी न वाचता सही ठोकली. सहा आठवड्यांनी बाहेर पडताना त्यांच्या संगणकात आलेली गाडी एक, माझ्याखालची दुसरी! हँडलच्या मानेवर कोरलेला नंबर बोटाने धूळ पुसून दाखवला, टॉर्च मारून दाखवला. अधिकारी भला होता, पण दुरुस्ती त्याच्या हातात नव्हती. रात्र बाकड्यावर काढली, बूट उशाला घेऊन. तेव्हा खिडकी सोडण्याआधी परवान्यावरचा नंबर बोट ठेवून, एकेक अक्षर, मोठ्याने वाच. मागचे करवादले तर करवादू देत. आणि बाहेर पडताना तो परवाना रद्द करून घे, नाहीतर त्यांच्या दप्तरी गाडी त्या देशातच राहते.

बाकी, चिलीत परतताना बॅगेत सफरचंद राहिलं असेल तर जाहीर कर. तिथले शेतीखात्याचे लोक त्याबाबतीत फार कडक असतात.

‘शेवटी कोलंबियात विकून टाकेन’ असं लिहिलंस, ते मात्र मला पटलं नाही. तात्पुरती आणलेली गाडी तिथल्या माणसाला सरळ विकता येत नाही, ती आयात ठरते. गाडी चिलीत परत आण, तिथे नोटरीसमोर विक आणि नाव बदललं की मग विमान पकड. ‘जमलं तर पनामा’ हेही आत्ता खोडून टाक. कोलंबिया आणि पनामाच्या मधल्या दारिएनच्या जंगलात साधारण शंभर किलोमीटर रस्ताच नाही. तिथे गाडी बोटीने किंवा विमानाने न्यावी लागते आणि तो खर्च तुझ्या हिशेबात कुठेच दिसला नाही.

उतारा हातात आला की दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. हँडलच्या मानेवरचा नंबरही, धूळ पुसून.

तुझा,
काका