वाचकांचे प्रश्न : डब्यातला फोन का वाजतो?

प्रश्न : आपण कुठे आहोत ते कुणाला कळू नये म्हणून फोन ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला. तरी रिंग वाजली. फॉइल पातळ पडली का? विकतचा फॅराडे पाउच (सिग्नल अडवणारी पिशवी) घेऊ का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : फॉइलचा दोष नाही. घरातली फॉइल १० ते १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा जोर ॲल्युमिनियममध्ये तीनेक मायक्रॉनवरच एक तृतीयांश होतो. सिग्नल शिरतो तो फटीतून, आणि फट किती रुंद यापेक्षा किती लांब हे महत्त्वाचं. २.४ गीगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची. तिच्यासाठी सहा सेंटिमीटर लांबीची, केसाएवढी बारीक फटसुद्धा अँटेनाचं काम करते. डब्याचं झाकण कडेला चार-दोन ठिकाणीच नीट टेकतं, मधे अशाच फटी उरतात. कुकर तर त्याहून वाईट, कारण झाकण आणि भांड्यामध्ये सगळीकडून रबराची रिंग असते.

शिवाय फोनला फार थोडा सिग्नल पुरतो. टॉवरजवळ तो उणे ६० डीबीएमच्या (सिग्नलचा जोर मोजायचं एकक) आसपास मिळतो, आणि उणे ११० झाला तरी फोन तग धरतो. हा फरक ५० डेसिबलचा, म्हणजे एक लाख पटींचा. ९९ टक्के सिग्नल अडवलात तरी फक्त २० डेसिबल कमी होतात.

घरीच करायचं तर फॉइलचे तीन थर घ्या. प्रत्येक थराची कड करंजीला मुरड घालतो तशी दोनदा दुमडून नखाने दाबा. कड चिकटपट्टीने जोडू नका, धातूला धातू टेकत नाही आणि फट तशीच राहते. एकदा उघडलेली फॉइल टाकून द्या, घडीवर ती चिरते. रोज वापरायचं असेल तर पाउच बरा. त्याचं तोंड दोनदा दुमडून बंद होणारं हवं. त्याचंही कापड घडीवरच आधी झिजतं, म्हणून महिन्याला तपासा. फोन आत ठेवून दोन मिनिटं थांबा आणि मग कॉल लावा. टॉवरच्या जवळ एकदा, वायफाय राउटरशेजारी एकदा. ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावून फोन आत सरकवा, गाणं तुटलं पाहिजे. ही तपासणी झाल्यावर रोजच्या वापरात मात्र फोन चालू ठेवून आत टाकलात तर तो नेटवर्क शोधत राहतो, तापतो आणि बॅटरी खातो. म्हणून आधी एअरप्लेन मोड लावा, आणि वायफाय-ब्लूटूथ खरंच बंद झालंय का तेही पाहा. बऱ्याच फोनमध्ये ती दोन्ही चालूच राहतात.

मात्र पाउच घेण्याआधी एक काम कराच. घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाला तुमचा ठावठिकाणा कळत असेल, तर तो बहुतेक वेळा तुमच्याच खात्यातून कळतो. गूगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग, गूगल खात्यात लॉगिन असलेली उपकरणं आणि व्हॉट्सॲपचे लिंक्ड डिव्हायसेस तपासा. अनोळखी दिसलं ते काढा, पासवर्ड बदला. हे राहिलं तर पाउचमधून फोन बाहेर काढताच लोकेशन पुन्हा जायला लागतं.

प्रश्न : ‘अनोळखी एअरटॅग तुमच्यासोबत फिरतोय’ असा संदेश माझ्या फोनवर आला. काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एअरटॅग म्हणजे वस्तू कुठे आहे ते कळवणारा ॲपलचा छोटा टॅग. संदेशाकडे दुर्लक्ष करू नका. ॲण्ड्रॉइडवर सेटिंग्जच्या शोधात ‘ट्रॅकर’ टाइप करा आणि तिथून हाताने स्कॅन करा. संदेशात आवाज वाजवण्याची सोय असते, ती वापरून टॅग शोधा. बॅगेचं अस्तर, स्कूटरच्या सीटखालची जागा आणि नंबरप्लेटची मागची बाजू बघा. सापडला की पांढरी बाजू फोनच्या मागे टेकवा. उघडणाऱ्या पानावर अनुक्रमांक दिसतो, त्याचा आणि टॅगच्या जागेचा फोटो काढा. स्टीलची बाजू दाबून डावीकडे फिरवली की आतला सीआर २०३२ सेल निघतो.

पण सेल काढला की टॅग ठेवणाऱ्याला तुमचं नवं ठिकाण दिसणं थांबतं, आणि त्याला संशय येऊ शकतो. त्याच्यापासून धोका वाटत असेल तर टॅग तसाच घेऊन घरी जाऊ नका. वर्दळीच्या ठिकाणी किंवा पोलीस ठाण्यात जा, ११२ ला फोन करा. महिलांसाठी १८१ आहे.

प्रश्न : बटण न दाबता उघडणाऱ्या गाडीची चावी फॉइलमध्ये ठेवली तर चोरी टळेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अर्धवट. गाडी चावीला १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते, चावी ४३३ मेगाहर्ट्झवर ओ देते. चोर ही हाक यंत्राने लांबवून दाराजवळच्या खुंटीवरच्या चावीपर्यंत पोहोचवतात. १२५ किलोहर्ट्झला अडवायला ॲल्युमिनियम पाव मिलिमीटरच्या आसपास तरी हवं, फॉइल त्याच्या पंधरावा हिस्साही नसते. त्यामुळे हाक आत पोहोचतेच; नीट दुमडली असेल तर निदान चावीचा ओ अडतो. त्यापेक्षा घट्ट झाकणाची लोखंडी डबी घ्या. चावी तिच्यात ठेवून गाडीच्या हँडलला हात लावा. दार उघडलं तर डबी बदला. दुसरी चावीही त्यातच ठेवा. गाडीच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर तो उपाय याहून चांगला.

प्रश्न : किरणोत्सर्ग रोखणारा स्टिकर फोनला लावावा का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नको. स्टिकरने अँटेना खरंच झाकला गेला, तर फोन टॉवरपर्यंत पोहोचायला जास्त जोर लावतो. भारतात फोनसाठी एसएआरची (शरीरात किती लहरी शोषल्या जातात त्या मापाची) मर्यादा किलोला १.६ वॅट आहे. आपल्या फोनचा आकडा *#०७# डायल केल्यावर दिसतो. बोलताना इअरफोन वापरा, सिग्नल एका काडीवर असताना लांबलचक कॉल टाळा.