'रक्त पातळ करायची गोळी' आणि हॅज-ब्लेड ३

गिरगावातून विचारणा आली आहे: 'सासऱ्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. केस पेपरवर "हॅज-ब्लेड ३" लिहिलंय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ३ म्हणजे रक्त जास्तच पातळ झालं का? आणि हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?'

पातळ होते ती आमटी. या गोळीने रक्ताचा दाटपणा बदलत नाही, ते साकळायला वेळ लागतो एवढंच. 'साकळणे' हे आपलं नेमकं क्रियापद हाताशी असताना 'पातळ' रूढ झालं, आणि मग 'अंगात रक्त कमी आहे' याच्याशी घोळ होऊन घरात बीट-खजुराचा मारा सुरू होतो.

त्याहून मोठा घोटाळा म्हणजे एका नावाखाली दोन जाती. वॉरफरिन, अ‍ॅपिक्साबॅन रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना आवरतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेट पेशी एकमेकींना चिकटू देत नाहीत. दोन्हींना आपण 'पातळ करायची' म्हणतो. ओपीडीत तेवढंच सांगितलं की दुसरी गोळी नोंदवायची राहून जाते, आणि हॅज-ब्लेडमध्ये, म्हणजे रक्तस्रावाचा धोका मोजायच्या गुणपत्रिकेत, तिचा वेगळा गुण असतो. म्हणून नाव सांगा, नाहीतर सरळ पाकीटच दाखवा.

हॅज-ब्लेड ही आद्याक्षरं आहेत. इंग्रजीत वाचलं तर 'रक्त गेलं आहे' असा अर्थ निघतो, पण ती फक्त लक्षात ठेवायची युक्ती. वरचा रक्तदाब १६०च्या पुढे, मूत्रपिंडाचा बिघाड, यकृताचा बिघाड, पूर्वीचा पक्षाघात, पूर्वीचा रक्तस्राव किंवा अ‍ॅनिमिया, आयएनआर (रक्त साकळायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) सतत वरखाली, वय ६५च्या वर, अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं, दारू: प्रत्येकी एक, एकूण ९. आयएनआरचा गुण वॉरफरिनवाल्यांनाच.

त्याच केस पेपरवर 'आयएनआर ३' असेल तर गल्लत ठरलेली. तो रक्त गोठायच्या वेळेचा आकडा. वॉरफरिनवर तो सहसा २ ते ३ ठेवतात, म्हणजे ३ चालतो. हॅज-ब्लेडचे ३ मात्र रक्तस्रावाचा धोका जास्त असल्याची खूण. त्याचा अर्थ 'गोळी बंद' असा नाही. ती मनाने थांबवली तर गुठळी मेंदूत जाऊ शकते. वय बदलता येत नाही, पण रक्तदाब, दारू आणि केमिस्टकडून परस्पर आणलेली सांधेदुखीची गोळी बदलता येते. डॉक्टर आधी तिथे हात घालतात आणि तपासणीला लवकर बोलावतात.

आणि लिहिताना 'रक्तस्राव'. मूळ धातू 'स्रु', म्हणजे वाहणे. 'त' आहे तो 'स्त्री'त, 'स्राव'मध्ये नाही.