अवतरंगातले कण नेमके कसे हलतात?

तुमचा प्रश्न असा, की अवतरंगात कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात असं पुस्तक म्हणतं, पण आकृतीत तर ते नागमोडी रेघेवरून पुढे सरकताना दिसतात. मग खरं काय?

पुस्तक बरोबर आहे, घोळ आकृतीमुळे होतो. ती नागमोडी रेघ कणाची वाट नाही. एका क्षणी दोरीवरचे सगळे कण कुठेकुठे आहेत, याचा तो फोटो आहे. एकट्या कणाची वाट काढलीत तर एक छोटी उभी रेघ निघेल. आडव्या अक्षावर अंतर लिहिलंय की काळ, हे आधी बघा. काळ असेल तर ती एकाच कणाची हकिगत असते, आणि दोन्ही आलेख दिसायला हुबेहूब सारखे. गोंधळ होणारच.

मला हे अकरावीत कळलं नव्हतं. कळलं ते मुलीला शिकवताना, गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर. एक टोक खिडकीच्या गजाला घट्ट बांधलं, मधोमध लाल दोऱ्याची गाठ मारली, मोबाईल स्लो मोशनवर ठेवला आणि दुसऱ्या टोकाला वरच्या बाजूला एक झटका दिला. उंचवटा सरसर गजाकडे पळाला. गाठ वर गेली, खाली आली, जागेवरच. मग गजावर आपटून तोच उंचवटा खळगा होऊन परतला, तेव्हा गाठ आधी खाली जाऊन वर आली. गजाकडे ती काही गेली नाही.

कण करतो काय, तर शेजाऱ्याची नक्कल, जरा उशिरा. हाताच्या बाजूचा शेजारी आत्ता जिथे आहे, तिथे हा क्षणभराने असणार. परीक्षेत 'हा कण वर चाललाय की खाली' असं विचारलं, तर तरंग जिकडून येतोय तिकडच्या शेजाऱ्याकडे बघायचं. तो वर असेल तर आपला कणही वर चाललाय. म्हणून तरंग उजवीकडे जात असेल तर उंचवट्याच्या उजव्या उतारावरचे कण वर चढत असतात आणि डाव्या उतारावरचे खाली उतरत असतात.

आता वेग. उंचवट्याच्या माथ्यावर कण सर्वात जोरात असतो असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं. झोपाळा आठवा: टोकाला क्षणभर थबकतो, मधून जाताना सुसाट. कणाचंही तसंच. माथ्यावर वेग शून्य, पण दोन्हीकडचे शेजारी त्याला खाली खेचत असतात, म्हणून त्वरण तिथेच सर्वाधिक. मूळ जागेवरून जाताना वेग सर्वाधिक.

आणि हा वेग तरंगाच्या वेगापेक्षा वेगळा. समजा दोरीवर तरंग सेकंदाला 10 मीटर जातोय, आयाम (कण मूळ जागेपासून जास्तीत जास्त जितका लांब जातो ते अंतर) 5 सेंमी, वारंवारता 2 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 2 हेलकावे. कणाचा कमाल वेग 2π × 2 × 0.05, म्हणजे सेकंदाला साधारण 0.63 मीटर. हाताचा झटका मोठा केलात तर कण जोरात हलेल, तरंगाचा वेग (आयाम लहान असेपर्यंत) बदलणार नाही, कारण तो दोरीच्या ताणावर आणि दर मीटर वजनावर ठरतो.

समुद्राची लाट मात्र अवतरंगाचं उदाहरण म्हणून देऊ नका, अनेक ठिकाणी दिलेली असते तरी. खोल समुद्रात पाण्याचा कण जवळजवळ वर्तुळात फिरतो: माथ्यावर लाटेच्या दिशेने, खळग्यात उलट. खाली जावं तसं वर्तुळ लहान होतं आणि अर्ध्या तरंगलांबीइतक्या खोलीवर पृष्ठभागावरच्याच्या चार-पाच टक्केच उरतं.

पाण्याच्या पोटातून खरा अवतरंग जातच नाही, कारण बाजूला सरकलेल्या थराला द्रव परत ओढत नाही, आणि शेजाऱ्याने ओढल्याशिवाय नक्कल व्हायची कशी? भूकंपाच्या एस लहरी अवतरंगच. त्या पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातून पार होत नाहीत, आणि तो भाग द्रव आहे हे आपल्याला मुख्यतः त्यावरूनच कळलं.