सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलमध्ये (इंधनापासून थेट वीज बनवणारा, खूप तापवून चालवायचा सेल) निकेलचा ॲनोड, म्हणजे इंधनाच्या बाजूचा इलेक्ट्रोड, चालतोच आहे, मग सिरॅमिक ॲनोडच्या मागे का लागायचं?

शुद्ध हायड्रोजन मिळत असेल तर लागू नका. तिथे निकेल-वायएसझेडला (निकेल आणि यिट्रिया घातलेला झिर्कोनिया यांचं मिश्रण) अजून तोड नाही. रडगाणं सुरू होतं ते मिथेनसारखं इंधन थेट दिल्यावर. निकेलवर कार्बनचे तंतू उगवतात आणि ॲनोडचा अक्षरशः भुगा होतो. इंधनात काही पीपीएम गंधक असलं तरी पृष्ठभाग मंदावतो. आणि ८०० अंशांवर इंधन तुटून हवा आत शिरली, की निकेलचं ऑक्साइड होताना आकारमान सुमारे ७० टक्क्यांनी फुगतं. शेजारच्या पातळ इलेक्ट्रोलाइटला (इंधन आणि हवा वेगळी ठेवणाऱ्या थराला) तडे गेले, की सेल संपलाच.

सिरॅमिक ॲनोडसाठी वापरतात त्या पेरोव्हस्काइट ऑक्साइडला (ही एक विशिष्ट स्फटिकरचना) हे झटके सोसतात, कारण तो मुळातच ऑक्साइड आहे. लँथॅनम घातलेलं स्ट्रॉन्शियम टायटानेट घ्या: इंधनाच्या वातावरणात वीज बरी वाहतं, पण उत्प्रेरक म्हणून अगदीच थंड. उलट, २००३ मध्ये गाजलेलं एलएससीएम (लँथॅनम, स्ट्रॉन्शियम, क्रोमियम आणि मँगनीज यांचं पेरोव्हस्काइट) उत्प्रेरक म्हणून बरं, पण इंधनाच्या बाजूला त्याची वाहकता घसरते. एक सांभाळावं तर दुसरं निसटतं!

मला स्वतःला एक्ससोल्यूशनचा मार्ग सगळ्यात पटतो. निकेल आधी स्फटिकातच विरघळवून ठेवायचं; हायड्रोजनमध्ये तापवलं की त्याचे नॅनोकण पृष्ठभागावर उगवतात. वरून शिंपडलेल्या कणांसारखे ते सैल नसतात, अर्धे आत रुतलेले असतात. त्यामुळे ते सहसा एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत आणि कार्बनलाही त्यांना खालून उचकटणं जड जातं.