अल्जीरियातल्या इमेद्घासेन राजसमाधीत कोण पुरलं आहे, आणि तिचा पूर्ण जीर्णोद्धार का करत नाहीत?

पहिल्या भागाचं उत्तर छोटं आहे. राजाचं नाव सांगणारा शिलालेख तिथे मिळालेला नाही. चौदाव्या शतकातला अरब इतिहासकार इब्न खल्दून याने बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवासी, लोकांच्या एका मोठ्या शाखेचा मूळपुरुष म्हणून मद्घीसचं नाव दिलं आहे. समाधीचं नाव त्याच्याशी जोडलं जातं, पण ती वंशकथा झाली, पुरावा नव्हे.

जुन्या दगडी बांधकामांच्या जतनाचं काम मी करतो, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या भागावर मला जास्त बोलायचं आहे. पूर्ण जीर्णोद्धार होऊ नये असं माझं ठाम मत आहे.

बात्ना शहराजवळची ही समाधी खाली गोल आहे, व्यास सुमारे ५९ मीटर. भिंतीला लगटून ६० डोरिक (साध्या ग्रीक धाटणीचे) स्तंभ, त्यांच्यावर इजिप्शियन धाटणीची कॉर्निस, म्हणजे पुढे आलेली दगडी कड, आणि वर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत गेलेला माथा. साज परका असला तरी मूळ कल्पना तिथलीच आहे. मृतावर दगडांचा गोल ढीग रचायची उत्तर आफ्रिकेतली जुनी रीत इथे राजाला शोभेल एवढी मोठी झाली.

आता तिचा काळ कसा कळला ते बघा. पूर्वी अनेकजण ती इथल्या प्राचीन न्यूमिडिया राज्याच्या मासिनिसा राजाच्या किंवा त्याच्या वारसांच्या काळातली मानत. मासिनिसा वारला इ.स.पू. १४८ मध्ये. आत वापरलेल्या देवदाराच्या लाकडाची कार्बन चाचणी (लाकडाचं वय सांगणारी) झाली, तेव्हा समाधी इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकापर्यंत मागे गेली. म्हणजे मासिनिसाच्या आधीही इथे एवढं बांधकाम उभं करू शकणारी राजसत्ता होती! कुजकं म्हणून कुणी ते लाकूड बदललं असतं, तर हा इतिहास कायमचा गेला असता. लेख नसलेल्या वास्तूत दगड, लाकूड, छिन्नीच्या खुणा हेच कागदपत्र असतात.

ही भीती काल्पनिक नाही. पुरेसा अभ्यास न करता इथे मोठी दुरुस्ती केल्याची नोंद इकोमॉस या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००६-०७ च्या अहवालात आहे. अल्जीरियातल्याच तिपाझा या प्राचीन शहराजवळची दुसरी राजसमाधी पाडायचा हुकूम १५५५ साली अल्जीयर्सचा पाशा (सुभेदार) सालाह रईसने दिला होता असं सांगतात. ती आज तिपाझासोबत जागतिक वारसा यादीत आहे. इमेद्घासेन मात्र २००२ पासून संभाव्य यादीतच, म्हणजे नोंदणीच्या प्रतीक्षेत.

मग काही करायचंच नाही का? करायचं. आधी प्रत्येक दगडाचं मोजमाप आणि छायाचित्र. पावसाचं पाणी आत मुरू न देणं. सांध्यांत चुन्याचाच मसाला, कारण सिमेंट दगडापेक्षा कडक असतं, ओल अडवतं आणि मग दगडाचेच पापुद्रे सुटतात. जागा नक्की ठाऊक असलेला पडका दगडच परत बसवायचा. ट्युनिशियातल्या दुग्गा इथे १८४२ मध्ये ब्रिटिश वाणिज्यदूताने शिलालेख काढून नेण्यासाठी तिथली प्राचीन समाधी पाडली होती. ती १९०८ ते १९१० मध्ये पुन्हा उभी राहिली, पडलेले दगड जागेवरच होते म्हणून. इमेद्घासेनच्या पायथ्याशी पडलेले दगड म्हणूनच नोंद झाल्याशिवाय कुणी हलवता कामा नयेत.