चौदा पटाची शाळा आणि पुढची वाट

लहान शाळांबद्दल आम्ही प्रश्न मागवले होते. पत्रं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतूनच जास्त आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, वाडीवरची. पहिली ते चौथी मिळून 14 मुलं, शिक्षक दोन. मुलगी हुशार आहे, शाळेत घरच्यासारखी वावरते. जूनमध्ये पाचवीला मोठ्या हायस्कूलला जाईल. तिथे एका तुकडीत साठ मुलं. ती बुजेल, मागे पडेल अशी भीती वाटते. काय तयारी करून घ्यावी?
— एक आई, पाटण तालुका

ताई, आधी ती काय घेऊन चालली आहे ते बघा. चौदा मुलांत परिपाठ कुणी घ्यायचा, बातम्या कुणी वाचायच्या, पहिलीच्या पोरांना अक्षरं कुणी गिरवून घ्यायची, हे आळीपाळीने सगळ्यांच्याच वाट्याला येतं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी लहान आणि मोठ्या शाळांची तुलना केली होती. त्यांचं काम 1964 मध्ये प्रसिद्ध झालं. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त होते, पण जबाबदारीची कामं लहान शाळेतल्या मुलांच्या वाट्याला अधिक आली, कारण तिथे माणसंच कमी. अंगावर पडलेलं काम निभावण्याची ही सवय तुमच्या मुलीला लागलेली आहे आणि ती पुढे टिकते.

तिला सवय नाही ती अनोळखी माणसांची. वाडीवरच्या शाळेत गुरुजी तोंडाकडे बघूनच ओळखतात, हिला कळलं नाही. त्यामुळे हात वर करून विचारायची वेळच आलेली नसते. पाचवीत अशी मुलं गप्प बसतात आणि शिक्षकांना ती कच्ची वाटतात. म्हणून आत्ताच गुरुजींना सांगा, तिने पूर्ण वाक्यात विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका. "सर, तिसरं उदाहरण पुन्हा सांगाल का?" एवढं वाक्य न अडखळता तोंडातून आलं तरी पुष्कळ.

दुसरी अडचण फळ्यावरून उतरवून घेण्याची. चार इयत्ता एकत्र शिकवताना गुरुजी बऱ्याचदा वहीतच लिहून देतात. हायस्कूलला पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास संपला की फळा पुसला जातो. घरी भिंतीवर दहा ओळी मोठ्या अक्षरात लिहून लावा. दहा फुटांवर बसवून दहा मिनिटांत उतरवायला सांगा. आठवड्यातून तीनदा, दोन महिने. यातून आणखी एक गोष्ट उघडी पडते. लहान शाळेत सगळीच मुलं फळ्याजवळ बसतात, त्यामुळे लांबचं कमी दिसतं हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. ती डोळे बारीक करत असेल किंवा अक्षरं चुकवत असेल तर जूनच्या आत डोळे तपासून घ्या.

शाळा सुरू होण्याआधी एकदा तिला घेऊन तिथे जा. एसटी कुठे थांबते, वर्ग कुठला, पाणी कुठे, मुलींचं स्वच्छतागृह कुठे आणि ते उघडं असतं का, हे तिच्या डोळ्यांखालून घाला. ते माहीत नसलं की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग डोकं दुखतं आणि घरच्यांना वाटतं शाळा मानवली नाही. पाचवीपासून ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. हायस्कूलकडून फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरून घ्या.

शाळा सोडल्याचा दाखला घेताना मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचा तपशील अक्षर अन् अक्षर जुळतो का ते तिथल्या तिथे बघा. चूक असेल तर ती याच शाळेत अर्ज आणि पुरावे देऊन दुरुस्त करणं सोपं. दहावीच्या प्रमाणपत्रावर तीच चूक छापली गेली की बोर्डापर्यंत जावं लागतं.

गुरुजींकडून नव्या वर्गशिक्षकांसाठी एक पानाची चिठ्ठी मागून घ्या: वाचन कसं आहे, भागाकार कुठे अडतो, काय आवडतं. एवढ्याशा कागदाने साठ मुलांतलं एक मूल शिक्षकांच्या ओळखीचं होतं, आणि हे करणारे पालक फार थोडे असतात.

वाडीवरच्या दोघी-तिघी पहिल्या दिवशी एकाच बाकावर बसतील. पंधरा दिवस बसू द्या. त्यानंतर काही तासांना तरी वेगळं बसवा, असं वर्गशिक्षकांना सांगा. येणं-जाणं एकत्रच असू द्या. पहिल्या घटक चाचणीचे गुण मनावर घेऊ नका. संध्याकाळी "आज कुणाशेजारी बसलीस?" एवढं विचारत चला. महिनाभरात एकही नवं नाव घरात ऐकू आलं नाही तर शाळेत जाऊन भेटा.

जत तालुक्यातल्या गावच्या हायस्कूलमधून दहावी झालो. वर्गात 24 जण, माझा पहिला नंबर कधी सुटला नाही. आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन विषय राहिलेत. गावचेच चौघं एका खोलीत राहतो. आपल्यात तेवढी कुवतच नव्हती असं वाटायला लागलंय.
— एक विद्यार्थी

नंबर शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतो. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकापासून यावर अभ्यास केला आहे. सारखीच क्षमता असलेली दोन मुलं घेतली, तर हुशार मुलांच्या वर्गात बसणारा स्वतःला कमी समजतो. चोवीस जणांतल्या पहिल्या नंबराने तुमची कुवत जितकी थोडी कळत होती, तितकीच थोडी आता सत्तर जणांतल्या मधल्या नंबराने कळते.

कळेल ते उत्तरपत्रिकेवरून. राहिलेल्या दोन विषयांच्या छायांकित प्रती विद्यापीठाकडून मागवा. मुदत थोडी असते, निकालाची सूचना नीट वाचा. गेलेला प्रत्येक गुण चारपैकी एका कारणाखाली टाका: येतच नव्हतं, येत होतं पण इंग्रजीत मांडता आलं नाही, वेळ पुरला नाही, प्रश्नच सोडला. मराठी माध्यमातून आलेल्यांचा दुसरा ढीग अनेकदा मोठा निघतो. तसं असेल तर वाचत बसून उपयोग नाही. रोज आठ-दहा व्याख्या आणि एक सिद्धता इंग्रजीत हाताने लिहा, न बघता. तिसरा ढीग मोठा असेल तर मागच्या पाच प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पूर्ण सोडवा. पहिलाच ढीग मोठा निघाला तर अकरावी-बारावीचं गणित पुन्हा हातात घ्या, खास करून कलनशास्त्र (कॅल्क्युलस). तिथली गळती दुसऱ्या वर्षात दिसते.

गावच्या शाळेत सरच विचारायचे, "काय रे, कळलं का?" कॉलेजात ते कुणी विचारणार नाही. प्राध्यापकांकडे जाताना वहीत जिथे अडलात ती ओळ दाखवा. "काहीच कळत नाही" म्हणून गेलात तर त्यांनाही मदत करता येत नाही.

खोली बदलू नका. आजारपणात, घरच्या अडचणीत हेच तिघं उपयोगी पडतील. पण चौघांच्या ओळखी त्याच आणि कानावर येणाऱ्या बातम्याही त्याच. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवून दिलं की ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जवळच्या मित्राकडून मिळाली नव्हती. अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे वेगळी माहिती असते. लहान शाळेतून आलेल्यांकडे पक्की मैत्री भरपूर असते, अशा सैल ओळखी मात्र फार कमी. त्या मुद्दाम जोडाव्या लागतात. प्रात्यक्षिकाला दुसऱ्या जिल्ह्यातला जोडीदार घ्या. राष्ट्रीय सेवा योजना किंवा गॅदरिंगचं पडद्यामागचं काम, जिथे हात कमी पडतात तिथे नाव द्या. अशा ठिकाणी तुमच्यासारखी मुलं लवकर रुळतात, कारण असं काम त्यांनी शाळेत केलेलं असतं.

झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर अभ्यासाचं नंतर बघू. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

नातू तिसरीत. शाळेचा पट नऊवर आलाय. सून म्हणते शहरातल्या शाळेची बस दारात येते, तिकडे घालू. लहान शाळेतली मुलं पुढे चांगली निघतात असं मी वाचलं आहे. खरं काय?
— एक आजोबा, वाई

लहान वर्ग आणि लहान शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षं एक मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलं वाटून काहींना 13 ते 17 मुलांच्या वर्गात बसवलं, काहींना 22 ते 25 च्या. लहान वर्गातली मुलं अभ्यासात पुढे राहिली, पुढे कॉलेजच्या प्रवेश परीक्षेलाही त्यांतली जास्त बसली, आणि फायदा गरीब घरच्या मुलांना अधिक झाला. पण ते वर्ग लहान होते, शाळा नव्हेत, आणि प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक होता. न्यूयॉर्कमधल्या ज्या लहान शाळांमुळे उत्तीर्ण होण्याचं प्रमाण वाढलं, तिथे एका इयत्तेत सुमारे शंभर मुलं असतात. नऊ पटाच्या शाळेला यातला कुठलाच दाखला लागू करता येणार नाही.

परवानगी घेऊन शाळेत अर्धा दिवस बसा. नातवाला न वाचलेला एक परिच्छेद वाचायला द्या आणि त्यात काय होतं ते विचारा. हातच्याची तीन अंकी वजाबाकी घाला. गुरुजी त्याच्या इयत्तेपाशी किती वेळ थांबतात आणि प्रशिक्षण, माहिती भरणं यांत महिन्याचे किती दिवस जातात ते बघा. मग त्याच्या वयाची मुलं मोजा. कबड्डीला एका बाजूला सात लागतात, खो-खोला नऊ. तिसरीत तो एकटाच असेल तर बरोबरीने खेळायला, भांडायला, चूक दाखवायला कुणी नाही. या वयात ते फार जाणवतं.

वाचन-गणित ठीक असेल आणि तीन-चार सवंगडी असतील तर चौथीपर्यंत ठेवा. दोन्हीत कमी असेल तर पट टिकवण्यासाठी मुलाला तिथे ठेवू नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. बसमध्ये रोज दोन तास जाणार असतील तर ते झोपेतून जाणार की खेळातून, हेही सूनबाईंबरोबर बसून आधी ठरवा.

आमची शाळा लहान, वर्गातली सगळी तालुक्यातच राहिली. मी आठवीत एकदा नापास झाले होते. आज बेदाण्याचा व्यवसाय सांभाळते, तरी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला अजून ‘नापास’ म्हणूनच चिडवतात.
— एक वाचक, तासगाव

वीस-बावीस जणांच्या वर्गात हुशार कोण, ढ कोण हे लवकर ठरतं आणि नवं कुणी येत नसल्याने ते पुन्हा बदलत नाही. ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिथे त्याची चेष्टाच होईल. जो नेहमी सुरुवात करतो त्याला एकट्याला फोन करा. "तो शब्द ग्रुपवर नको, मला लागतो," एवढंच सांगा, कारणं देऊ नका. नाही ऐकलं तर ग्रुप सोडा आणि ज्या दोघी-तिघी खरोखर तुमच्या आहेत त्यांना वेगळं भेटत राहा. जुना वर्ग आहे म्हणून सोसलंच पाहिजे असं नाही.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेची 1999 ची दहावीची बॅच, 31 जण. बरेच जण गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) कामामुळे परराज्यात आहेत. स्नेहमेळाव्यात 1 लाख 10 हजार रुपये जमले. शाळेला स्मार्ट टीव्ही द्यावा की वर्ग रंगवावेत?
— एक माजी विद्यार्थी, विटा

दोन्ही नंतर. तुमच्याकडे पैशाहून मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे गावाबाहेरची माणसं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवू लागली, आणि तिथे शिकलेल्यांतूनच पुढे संस्थेचे शिक्षक उभे राहिले. आपल्या भागात लहान शाळेतून निघालेल्याने मागच्यांसाठी काही करायचं ही रीत जुनी आहे.

तुमच्या भागातला मुलगा मामाने बोलावलं की गलाईच्या दुकानात जातो. त्या ओळखीने हजारो घरं उभी राहिली आहेत. पण ज्याचा मामा बोलवत नाही त्याला दुसरी वाट दाखवणारं कुणी नसतं. म्हणून आधी यादी करा: नाव, गाव, काम, ते शिकायला किती वर्षं आणि किती खर्च लागला, फोन कधी केलेला चालेल. फक्त अधिकारी झालेल्यांची नको. नर्स, वायरमन, दुकानदार, पहिल्या प्रयत्नात न जमलेलेही हवेत. वर्गातल्या मुलींची आडनावं लग्नानंतर बदलतात आणि त्या अशा याद्यांतून गळतात. त्यांचे नंबर माहेरी जाऊन मिळवा. बोलणाऱ्यांत निम्म्या बायका असू द्या.

आठवी ते दहावीसाठी वर्षातून चार वेळा व्हिडिओ कॉलवर एकेक जण. पंधरा मिनिटं बोलणं, पंचवीस मिनिटं प्रश्न. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, मोठ्यांसमोर मुलं तोंड उघडत नाहीत.

पैशांतला पहिला वाटा एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या तयारीला द्या. आठवीत परीक्षा, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे 90 प्रश्नांचे दोन पेपर. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि शाळा शासकीय, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. लहान शाळांत फॉर्मच भरले जात नाहीत, कारण उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही. तहसीलला हेलपाटा घालायला तुमच्यातला एक गावातला माणूस नेमा आणि सरावसंच घेऊन द्या. दोन मुलं लागली तरी चार वर्षांत 96,000 रुपये त्यांच्या घरात येतात.

टीव्ही द्यायचाच असेल तर वीजबिल कोण भरणार आणि बिघडल्यावर कुणाला बोलवायचं, हे मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. दान आलेले कितीतरी टीव्ही वीज तोडल्यामुळे कपाटात जातात. रक्कम एकाच मित्राच्या खात्यात फार दिवस राहू देऊ नका. मोजक्या लोकांच्या बॅचमध्ये पैशावरून वितुष्ट आलं की सगळा वर्गच तुटतो. एकदाच मदत करायची तर संस्था काढायची गरज नाही. दरवर्षी करायची असेल तर किमान सात सभासद घेऊन 1860 च्या कायद्याखाली सोसायटी आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करा, पुढे पॅन, बँक खातं आणि दरवर्षी हिशेबतपासणी आली. वस्तू घेताना बिल शाळेच्या नावाने करा, जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिची नोंद करून घ्या आणि मुख्याध्यापकांच्या सहीची पोच ग्रुपवर टाका.