धाकटीला हाक मारताना

“मॅडम, काल दिवसभरात मी हिला साठ वेळा हाक मारली. पंचवीस वेळा तिनं बघितलंच नाही.”

समोर बसलेल्या आईच्या हातात शंभरपानी वही होती. आत रकाने आखलेले : हाक, नजर, बोट, शब्द. मांडीवर चौदा महिन्यांची धाकटी, शेजारी आजी. थोरला सहा वर्षांचा. तो तीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं निदान झालं. त्याआधी दीड वर्ष ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे ऐकण्यात गेलं होतं. ते दीड वर्ष तिच्या मनातून जात नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील मी बदलले आहेत.)

थोरल्याला ऑटिझम असलेल्या घरांतून हाच प्रश्न येतो : धाकट्यालाही असेल का? मी आकडा लपवत नाही. अशा घरांत पुढच्या साधारण पाच मुलांपैकी एकाला ऑटिझम असल्याचं दिसतं. मुलग्यांत प्रमाण जास्त, मुलींत कमी. म्हणजे या आईची भीती उगाच नव्हती, आणि ‘काही होत नाही गं’ म्हणून तिला परत पाठवणं हा अन्याय झाला असता. पाचातल्या चौघांना ऑटिझम नसतो, हेही त्याच आकड्यात आहे. पण त्या चौघांतही काहींचं बोलणं मागे पडतं, म्हणून लक्ष ठेवायला हवंच. ते कसं ठेवायचं, यावर आमची खरी बैठक झाली.

मी विचारलं, “हाक मारल्यावर तिनं बघितलं, की तुम्ही काय करता?”

“लिहिते.”

एवढं बोलून ती स्वतःच गप्प झाली. आई हाक मारते, लेकरू मान वळवतं, आणि आई वहीत डोकं घालते. पुढच्या हाकेला त्यानं का बघावं? नावाला प्रतिसाद न देणं ही वर्षाच्या आसपास गांभीर्यानं घ्यायची खूण आहेच. पण दिवसाला साठ हाकांनी ती खूण तपासली जात नाही, बोथट होते.

मी आजींना म्हटलं, घरी खेळता तसं खेळा. त्यांनी धाकटीचा हात घेतला, तळहातावर मोर बसवला, चारा घातला, पाणी पाजलं आणि मोर उडवायच्या आधी मी खूण केल्यावर थांबल्या. धाकटीनं आधी हाताकडे बघितलं, मग आजीच्या तोंडाकडे, आणि तळहात पुढे ढकलला. थोड्या वेळानं खिडकीत कावळा आला. तिनं बोट केलं आणि वळून आईकडे बघितलं, आई बघतेय का ते.

हे वळून बघणं मी शोधत असते. बिस्कीट हवं म्हणून बोट दाखवणं वेगळं आणि ‘तो बघ काऊ’ म्हणून दाखवणं वेगळं. दुसऱ्यात मुलाला वस्तू नको असते, सोबत हवी असते. आईला मी हेही स्पष्ट सांगितलं की आज हे दिसलं म्हणून विषय संपला नाही. ऑटिझमच्या खुणा कधीकधी दुसऱ्या वर्षात उमटतात. काही मुलांचे आलेले शब्द, हसणं, टाटा करणं मागे जातं. आलेलं काहीही गेलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं.

आजींची काळजी वेगळी होती. “ही त्याच्यासारखे हात फडफडवते. म्हणून दोघांना जरा लांब ठेवते मी.” ऑटिझम बघून लागत नाही. धाकटी दादाची नक्कल करत होती आणि नक्कल करून त्याच्याकडे बघून हसत होती. नक्कल हे शिकण्याचंच साधन आहे. आणि त्या घरात लांब ठेवलं जाणारं दुसरं लेकरू सहा वर्षांचं होतं. त्याला ते कळत नसेल असं मानायला मी तयार नाही.

निघता निघता आई म्हणाली, गोवर-रुबेलाची लस अजून दिलेली नाही. खरं तर नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा 1998 चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं 2010 मध्ये मागे घेतला. 2015 मध्ये अमेरिकेत सुमारे 95 हजार मुलांच्या नोंदी तपासल्या, त्यांत थोरल्या भावंडाला ऑटिझम असलेली मुलंही होती. त्यांच्यातही गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीनं धोका वाढलेला दिसला नाही. थोरल्याच्या वेळी लस दिली म्हणून असं झालं, हे ओझं ती तीन वर्षं एकटीच वाहत होती. ती रडली. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

मग ठरवलं ते एवढंच. रोज मोजणी बंद. महिन्यातून एकदा, एका रविवारी, वहीत पाच-सहा ओळी : नवीन काय करते, काय करायची थांबली. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही वीस प्रश्नांची चाळणी आहे. ती अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात भरायची. चाळणीत अडकणं म्हणजे निदान नव्हे, पुढच्या तपासणीचं कारण. शंका राहिली तर बालविकास तज्ज्ञ, आणि खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र.

अठराव्या महिन्यात चाळणीचे गुण कमी, म्हणजे निर्धोक, आले, पण शब्द चारच होते. मी थांबायला सांगितलं नाही. श्रवण तपासणी करवली, ती नीट आली. स्पीच थेरपिस्टनी घरी करायच्या गोष्टी शिकवल्या. त्यासाठी कुठल्याही निदानाची वाट बघावी लागत नाही. दोन वर्षांची झाली तेव्हा ती दोन शब्द जोडत होती, चाळणीही पुन्हा निर्धोक आली.

त्या भेटीत आईनं वही पुढे केली आणि ओशाळून म्हणाली, “मॅडम, या महिन्याचा रविवार राहूनच गेला लिहायचा. दोघांना घेऊन गावी जत्रेला गेलो होतो.”

मी वही मिटून तिच्या हातात दिली आणि पुढच्या भेटीची तारीख लिहून घेतली.